सुनेची बांधी

लग्न होऊन आले तेव्हा मला दोनच गोष्टी येत होत्या: रोवणी आणि फुशारकी. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, चिखलात रोपं रोवत मागे मागे सरकण्यात माझा हात कोणी धरत नसे. असं लोक म्हणत नव्हते, मीच सांगत फिरायची.

घरची चूल मात्र सासूच्या डोक्यावर चाले. आठवड्यातून दोनदा ती जंगलातून सरपणाची मोळी आणी. मला नेत नसे, म्हणे, "तुयी बडबड ऐकून वाघ पळून जाईल." एकदा मोळीसकट घसरली. गुडघा भोपळ्यासारखा सुजला, तरी पुढच्या आठवड्यात लंगडत निघाली. चुलीला गुडघा कळतो का?

पुढे गावात सामाजिक वनीकरणाचे साहेब आले. तलावाच्या मातीच्या पाळीमागची पडीक जागा गावाच्या सरपणासाठी ठरली. आम्ही बायांनी उन्हाळाभर पाणी वाहून सुबाभळीची रोपं वाफ्यात वाढवली. दोन रोपांत अंतर किती, हे साहेबांनी सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा शेजारणीला माझ्या रोवणीचे पराक्रम ऐकवत होते. "चिखल झाला की रोवणी उरकून घ्या," हे शेवटचं तेवढं ऐकलं.

चिखल झाल्यावर मी पदर खोचला आणि पुढारीण झाले. तीन-चार काड्या चिमटीत, एकेका वितीवर, सपासप.

मोठी जाऊ म्हणाली, "अवो, हे झाडं होत ना? एवढे दाट कायले?"

"तुमाले रोवणी आता मी शिकवू का?" मी म्हटलं. काय तो तोरा!

दुपारी पाठ सरळ करून पाहिलं, तर जागेचा एक कोपरा हिरवागार आणि बाकी सगळी उघडी. रोपं संपली होती.

साहेब आले आणि बघतच राहिले. "बाई, हे काय केलं?"

"रोवणी, साहेब."

"हे काय धान आहे?"

बाया फिदीफिदी हसल्या. मीही हसले असते, पण साहेब पुढे म्हणाले की यंदा दुसरी रोपं नाहीत, आणि ही एकमेकांना मारतील. माझ्या डोळ्यांपुढे तो सुजलेला गुडघा आला. घरी चुलीपुढे बसून रडले, आणि धूर झाला म्हणून सांगितलं.

सासू काठी टेकत पाळीवर गेली, साहेब अजून तिथंच होते. कमरेवर हात ठेवून तिनं ते रोवणं पाहिलं आणि हसता हसता खालीच बसली. "पाखराले बी वाट ठेवली नाही वं पोरी! राहू द्या साहेब. आपल्याले का घराच्या मयाली-वासे पाडाचे हायेत? चुलीले काडीच पाह्यजे."

बरीच रोपं मेली. उरलेली दाटीत अंग पसरू शकली नाहीत, म्हणून बारीक आणि सरळसोट वर गेली. कुऱ्हाडीची गरजच नाही, धानाच्या विळ्यानं कापावीत. कापली की पुन्हा फुटत. उघडी जागा साहेबांनी पुढच्या वर्षी पावलं मोजून लावून घेतली. तिथले दांडे आम्ही मोहाडीच्या बाजारात विकत असू. पण चूल पेटे ती माझ्या कोपऱ्यावर. सासू पाळीला टेकून बसल्या बसल्या मोळी कापी आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवी, "हे माह्या सुनेची बांधी. धान नाही, लाकडं पिकवते." तिनं हसून मला वाचवलं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

त्यानंतर ती जंगलात एकदाच गेली, पिकलेली टेंभरं खायला. बैलगाडीतून गेली, आणि डोक्यावर पदराखेरीज काही न घेता परत आली.