सांधा नसलेला फासा

"फासा देखणा असला की हरायलाही बरं वाटतं," असं तो एकदा म्हणाला होता. तेव्हा सगळे हसले होते.

तो कवळ्या बनवायचा. दातांच्या तीन डॉक्टरांचं काम त्याच्याकडे येई. प्लास्टरचे जबडे, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. एकाच खोलीत पॉलिशचं चाक, पांढरी पूड, दाबाचं भांडं, आणि खिडकीत ओळीनं वाळत ठेवलेली, माणसं नसलेली तोंडं. त्याची कवळी टोचते अशी तक्रार बावीस वर्षांत आली नव्हती. "मी मोजून करतो," एवढंच तो म्हणे, आणि त्याचं मोजलेलं कुणी पुन्हा मोजायला जात नसे.

रविवारी दुपारी वह्या-पेनांच्या एका दुकानामागच्या खोलीत पाचजण जमत. निवृत्त मास्तर गोष्ट सांगत. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होत, कुणी योद्धा, कुणी चोर, आणि कुणाचा वार लागला, कुणाचा पाय घसरला, हे वीस बाजूंच्या फाशावर ठरे. वीस म्हणजे सगळं जमलं. एक म्हणजे सगळं फसलं. खेळणाऱ्यांत दुकानाची मालकीण होती, हा होता, त्याची मोठी बहीण होती आणि बहिणीचा नवरा, म्हणजे याचे दाजी.

आधी सगळ्यांकडे साधे प्लास्टिकचे फासे होते. यानं कवळ्यांच्या कामातून उरलेल्या बिनरंगी ॲक्रिलिकमधून स्वतःसाठी एक केला, पाण्यासारखा स्वच्छ. मग अक्रोडाच्या लाकडाची पेटी केली, आत मखमल लावली. फासे टाकायला कातड्याचं अस्तर लावलेलं तबक आलं, पितळेच्या सोंगट्या आल्या. दुसऱ्या गावांतली खेळणारी माणसं मागणी नोंदवू लागली. एका संचाला एका घराचा महिन्याचा किराणा येईल एवढी किंमत पडे, आणि लोक ती देत.

मास्तरांना ते पटत नसे. पेटी महाग केली म्हणून आतलं नशीब महाग होत नाही, असं ते म्हणत. मालकीणबाई म्हणत की माझा फासा खोडरबराच्या डबीत राहतो, तरी राक्षस मीच जास्त मारलेत, ते काय मखमलीला घाबरून मेले? तेव्हा तो देखणेपणाचं वाक्य बोलला होता. सगळ्यांत मोठ्यानं ताई हसली होती. हसताना तिची सोन्याची कॅप चमके. मागच्या दाढेवरची ती कॅप त्यानंच केली होती.

ताई गेली त्याच्या महिनाभर आधी ती कॅप निघाली होती. बसवून दे म्हणून तिनं त्याच्याकडे दिली, आणि ती ड्रॉवरमध्येच राहिली.

पुढे दाजींनी विचारलं, ती कॅप फाशात घालता येईल का रे? त्यानं बोराहून मोठा साचा केला. असं काही आत घालायचं तर ॲक्रिलिक दोनदा ओतावं लागतं. अर्धं ओतायचं, घट्ट होऊ द्यायचं, मग वस्तू बरोबर मध्यावर ठेवून उरलेलं. पण दोनदा ओतलं की मध्ये केसाएवढा सांधा दिसतो. धंद्यातल्या कुणालाही तो चालला असता. याला चालला नाही. त्यानं एकाच वेळी ओतलं.

फासा निघाला तो डोळ्यांत भरणारा. फक्त सोनं हळूहळू तळाशी गेलं होतं, आणि साच्यात तळाला वीसची बाजू होती, म्हणजे बरोबर तिच्या उलट बाजूला एक. त्यानं फासा काचेच्या उंच पेल्यात, पाण्यात टाकून पाहिला. बुडता बुडता फासा वळला आणि एक वर करून बसला. पुन्हा टाकला. पुन्हा एक.

फासा त्याच दिवशी फोडायला हवा होता. पण दुपारी दाजी आले, फासा खिडकीसमोर धरून बराच वेळ बघत राहिले, आणि किती महिन्यांनी त्यांचा चेहरा सैल झाला. त्यानं पेला उचलून मोरीत ठेवला.

टेबलावर त्या फाशानं दाजींचा योद्धा पडू लागला. पुलावरून पडला, घोड्यावरून पडला, आपल्याच तलवारीवर पडला. दोन रविवार लोक हसले. तिसऱ्या रविवारी मास्तरांनी आपला प्लास्टिकचा फासा पुढे सरकवला. मालकीणबाई सहज म्हणाल्या, "कॅप जड असेल हो आतली."

"मी मोजून केलाय," तो म्हणाला.

मास्तरांनी आपला फासा परत ओढून घेतला.

दाजी लिफ्ट दुरुस्त करत. दोर कधी दगा देईल हे ते आवाजावरून ओळखत, उगाच कशावर विश्वास ठेवणारे नव्हते ते. पण फासा दर वेळी तेच दाखवत होता, म्हणूनच त्यांचं असं होत गेलं. लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून वरचा आवाज ऐकावा, तसे ते आता त्या फाशाकडे कान लावून बसत. घरी ते फाशातल्या बायकोला प्रश्न विचारू लागले. नियम साधा होता. एक आला तर नाही, बाकी काहीही आलं तर हो. एकोणीस वाटा होकाराच्या ठेवल्या होत्या त्यांनी. तरी ती नाही म्हणते, म्हणजे तिला नक्कीच काही दिसत असणार, असं ते म्हणत. तिनं घर बदलू दिलं नाही. मुलीबरोबर चार दिवस फिरायला जाऊ दिलं नाही. बढतीचा कागद सहीविना परत गेला. दोन वर्षांत दाजींचं आयुष्य एका खुर्चीएवढं उरलं, आणि त्याच्या समोर ते तबक, तो फासा.

या सगळ्याची बातमी त्याला रविवारी मिळे. तो मान हलवे. आता सांगायचं म्हणजे आधीचे सगळे रविवार सांगायचे, आणि ज्या एका टेबलावर त्याला मान होता तिथे आपला शब्द परत घ्यायचा. पुढच्या रविवारी सांगू, असं तो मनाशी म्हणे.

मग दाजींच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलेली सापडली. दुखत नव्हतं, जाणवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, फुटली तर दवाखान्यापर्यंतही वेळ मिळणार नाही. ऑपरेशनला मंगळवार दिला.

सोमवारी सकाळी भाची त्याच्या खोलीत आली. बसली नाही. बाबा नको म्हणतायत, म्हणाली. आईला तीनदा विचारलं, तीनदा नाही आलं. मग खिडकीतल्या जबड्यांकडे बघत तिनं विचारलं, "मामा, तो फासा नीट आहे ना?"

चाक फिरत होतं. त्यानं ते बंद केलं.

"येतो मी घरी," तो म्हणाला.

दुपारी तो गेला तेव्हा दाजी खुर्चीत होते. सदऱ्याखाली काही होत असेल असं वाटतही नव्हतं. भाची स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. त्यानं एक उंच पेला पाण्यानं भरून आणला, तबकातला फासा उचलला आणि आत सोडला. फासा वळला, बसला. एक. बोटं घालून काढला, पुन्हा सोडला. एक. तिसऱ्यांदा त्यानं वीस वर करून अलगद सोडला. फाशानं पाण्यात कूस बदलली. एक.

"बघ," दाजी म्हणाले. "पाण्यातसुद्धा."

"दाजी, ती बोलत नाहीये. सोनं तळाला बसलंय. माझी चूक आहे. सांधा दिसू नये म्हणून मी एकदाच ओतलं."

दाजींनी पेल्यातून नजर काढली नाही. "हे तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"आणि तू म्हणालास मोजून केलाय."

"हो."

भाची दारातून एक पाऊल पुढे आली, थांबली. दाजींच्या चेहऱ्यावर राग येईल, निदान रडू येईल, म्हणून तो वाट बघत होता. तसं काहीच आलं नाही. ते शांतपणे, जवळजवळ समजूत घालावी तसे बोलले.

"तुझा हात बावीस वर्षांत कधी चुकला नाही. नेमका हिच्याच वेळी चुकला? खाली बसायचं तिनंच ठरवलं असेल."

"बाबा, उद्या सकाळी सातला तिथे पोचायचंय," भाची म्हणाली.

"तिनं सांगितलंय ना," ते म्हणाले आणि फासा मागायला हात पुढे केला.

त्यानं पाण्यात बोटं घातली. फासा गार होता, आणि हाताला लागत होतं की एका बाजूनं तो किती जड आहे. दाजींचा तळवा पसरलेला होता. "दे," दाजी म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, या वेळी आवाज वेगळा होता, "अरे, ती माझी आहे."

त्यानं ओला फासा खिशात टाकला. भाचीकडे पाहिलं नाही. दार उघडलं आणि बाहेर पडला.