औषधाच्या पेटीचं कुलूप

मंडईच्या मागच्या जिन्याखाली मामांचं दुकान होतं. दुकान म्हणायचं ते आपलं प्रेमानं. चाव्या कापायचं यंत्र, एक स्टूल आणि भिंतभर लटकलेल्या कोऱ्या चाव्या, एवढाच पसारा. भाजीची तिसरी रांग त्यांच्या थोरल्या बहिणीची, अक्काची. तिचा नवरा लवकर गेला, तेव्हा तिचं पोर याच स्टुलाखाली चाव्यांचे जुडगे वाजवत वाढलं. ते दिवसभर "मामा, मामा" करायचं. ते ऐकून सगळी मंडईच त्यांना मामा म्हणायला लागली. चोरांना मामा बनवणारा मामा, असं कुणी चिडवलं की ते मिशीत हसायचे.

माणूस सरळ, पण संशयी. जन्मभर कुलपं केल्यावर दुसरं काय होणार? उघडं राहिलं की गेलंच, हा त्यांचा धर्म. घरी साखरेच्या डब्यालाही कडी होती.

भाचा मोठा झाला, इमारती रंगवायला लागला आणि एक दिवस परांचीवरून पडला. कंबर सांधली, पण दुखणं राहिलं. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी दुखणं थांबायचं. पुढे दुखणं गेलं तरी गोळ्या सुटेनात. त्या मिळेनाशा झाल्यावर तो गर्दच्या पुडीवर आला. अक्काच्या गल्ल्यातले पैसे गेले, मामांची एक कानसही गेली. घरात सगळ्यांना कळत होतं, बोलत कुणी नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मामा स्वतःलाच बजावायचे.

अशातच आरोग्य खात्याच्या नर्सबाईंनी मंडईच्या स्वच्छतागृहाबाहेर एक पेटी लावली. पुढे काच, आत नाकात मारायच्या फवाऱ्याच्या दोन कुप्या. नशेची मात्रा जास्त झाली, ओठ निळे पडले, श्वास अडकला, तर हे नाकात मारायचं. बहुतेक वेळा श्वास परत येतो. "आणि लगेच अँब्युलन्सला फोन करायचा. चुकून भलत्यालाच दिलं तरी काही अपाय नाही," बाई म्हणाल्या. "फक्त पेटी उघडी असू द्या."

"उघडी?" मंडईचे अध्यक्ष उसळले. "गर्दुल्ले उद्याच विकून खातील!"

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामांच्या मनात चोर म्हणून एकच चेहरा आला, आणि तो घरचा होता. भाच्यानं पेटी फोडली तर भर मंडईत झाकली मूठ उघडी पडणार. म्हणून त्यांनी काम जीव ओतून केलं. काच काढून जाड पत्रा बसवला, बिजागऱ्या आतून घेतल्या आणि आपल्या हातचं सात लिव्हरचं कुलूप घातलं. चावी समोरच्या औषधाच्या दुकानात ठेवली. नर्सबाईंचा चेहरा उतरला. बाई भोळी आहे, असं मामांना वाटलं.

एके दुपारी मामा दोन गल्ल्या पलीकडे कुणाचं तरी अडकलेलं कपाट उघडत होते. औषधाचा दुकानदार शटर ओढून जेवायला गेला होता. स्वच्छतागृहात भाचा पडलेला सफाईवाल्या बाईला दिसला आणि तिनं बोंब ठोकली. लोक पेटीकडे धावले. कुणी दगड घातला, कुणी पहार शोधायला पळालं. अक्का आपल्या तराजूतलं लोखंडी वजन घेऊन पत्र्यावर घाव घालत राहिली. पत्रा चेपला, पण कुलूप हललं नाही.

मामा धापा टाकत आले. खिशातली तार काढली आणि बघता बघता कुलूप उघडलं. दोन्ही कुप्या नाकात रिकाम्या केल्या. अँब्युलन्सवाल्यांनीही पुष्कळ खटपट केली. पोरगा गेला तो गेलाच.

दिवसकार्य झाल्यावर अक्का पुन्हा भाजी लावायला आली. जाता जाता जिन्यापाशी थांबली आणि म्हणाली, "तुझं काम पक्कं होतं रे." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मामांना सोसला असता.

त्यांनी तेव्हाच करवत उचलली. चावी असूनही ते कुलूप कापून काढलं, परत कुणी लावू नये म्हणून. त्या जागी एक हलकी खिट्टी बसवली, एका बोटानं सरकणारी. अध्यक्ष आडवे आले, "मामा, अहो चोरी होईल."

"होऊ दे. चोरलं तरी शेवटी कुणाच्या तरी नाकातच जाईल ना?" मामा म्हणाले. नर्सबाईंनी पेटी पुन्हा भरली. चेपलेला पत्रा मात्र मामांनी तसाच ठेवला.

त्यानंतर कुणी "मामा" म्हणून हाक मारली की ते वळतच नसत. गिऱ्हाइकाला यंत्रावर टकटक करावी लागे. ती हाक ज्याची होती तो गेला होता, दुसऱ्याची त्यांना ऐकवत नव्हती.

पावसाळा सरला, थंडी पडली. एका सकाळी अध्यक्ष जिन्याखाली डोकावले. "घ्या! पेटी रिकामी. मी म्हणत नव्हतो?"

मामांनी हातातली कानस खाली टाकली. ते तसेच उठले. पेटी सताड उघडी, आत काही नाही. मागच्या नळापाशी माणसं जमली होती. भिंतीला टेकून एक अनोळखी मुलगी बसली होती, पांढरीफटक, थरथरत, आणि जमलेल्या सगळ्यांना शिव्या घालत होती. तिला दोन्ही हातांनी धरून अक्का बसली होती, मांडीवर रिकाम्या कुप्या. लांबून अँब्युलन्सचा भोंगा येत होता.

"अक्का, मला हाक नाही मारलीस?"

"कशाला? उघडंच होतं," अक्का म्हणाली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ढसाढसा रडली.

मुलीनं वैतागून वर पाहिलं. मंडईत सगळेच म्हणतात तसं तीही म्हणाली, "ओ मामा, बघत काय राहिलात? पाणी द्या ना."

"आणतो गं," मामा म्हणाले आणि तांब्या शोधायला वळले.