गच्चीवरची झापं

माझं नाव एका आंतरराष्ट्रीय शोधनिबंधावर आहे. सात नावांतलं सहावं. त्याचं पहिलं पान फ्रेम करून कॉलेजच्या व्हरांड्यात लावलंय, आणि त्या व्हरांड्यातून मला दिवसातून चार वेळा जावं लागतं.

मी मालवणजवळच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. पीएच.डी. अर्ध्यावर सोडली त्याला वीस वर्षं झाली. कारणं बहुतेक बायकांची असतात तीच होती, त्यामुळे सांगत बसत नाही. खऱ्या संशोधनावर एकदा आपलं नाव यावं, एवढी इच्छा मात्र राहिली होती. म्हणून शहरातल्या एका संस्थेतले प्राध्यापक आमच्या प्रयोगशाळेची गच्ची मागायला आले, तेव्हा मी अटी विचारल्या नाहीत.

त्यांचं काम पेरोव्हस्काइटच्या सौरघटांवर होतं. काचेवर या पदार्थाचा पातळ काळपट थर देतात; त्यात विषारी शिसं असतं. नेहमीच्या सिलिकॉनच्या पॅनेलपेक्षा हा बनवायला सोपा, आणि पुढेमागे पुष्कळ स्वस्त पडेल अशी आशा. अडचण एवढीच की तो दमटपणा सोसत नाही. ओल शिरली की पिवळा पडतो, मग ती नुसती रंगीत काच. परदेशातला एक गट थर बनवत होता, शहरातला गट तो सीलबंद करत होता. आमच्याकडे देण्यासारखी एकच गोष्ट होती: वाईट हवा. खारा वारा आणि चार महिने पाऊस. इथे टिकेल ते कुठेही टिकेल, असं प्राध्यापक म्हणाले.

नमुन्यांचं खोकं मी स्वतः कसालला हायवेवर जाऊन घेतलं, कारण कुरिअरवाला तिथून पुढे येत नाही. तळहाताएवढ्या काचा होत्या. गच्चीवर लोखंडी चौकटीत बसवल्या. गच्चीची किल्ली आमच्या शिपायाकडे असते. त्यांना सगळं कॉलेज मामा म्हणतं. आवारातच खोली आहे त्यांची. मी त्यांना बजावलं, "मामानू, आत शिसा आसा. फुटला तर हात लावू नका. नीट सांभाळा."

"काळजी नको, बाईनू," ते म्हणाले.

मोजणी उन्हातच करायची असा नियम होता. त्यामुळे पावसाळ्यात उघडीप मिळाली की मी वर जायची, मीटर लावायची, आकडे वहीत उतरवायची आणि संध्याकाळी पाठवायची. जून गेला, जुलै गेला. आकडे जवळजवळ हललेच नाहीत. दर पंधरवड्याला पडद्यावर बैठक व्हायची, तिथे परदेशातले लोक माझं नाव घेऊन अभिनंदन करायचे. नाव चुकीचं उच्चारायचे, पण घ्यायचे. मला बरं वाटायचं, हे लपवून उपयोग नाही.

ऑगस्टमध्ये त्यांच्यापैकी एकीने फोटो मागितला. भर पावसात भिजणारी चौकट हवी होती, निबंधात टाकायला. मी तास आटोपून छत्री घेतली आणि मामांकडे किल्ली मागितली.

"आता? पावसात?" ते म्हणाले. "मी येतंय थांबा, काढून देतंय."

काय काढून देणार ते मला वर गेल्यावर कळलं. चौकटीवर झावळ्यांची झापं होती. अगदी मापाने विणलेली, चारी बाजूंनी सुंभाने बांधलेली. पावसाची झड भिंतीवर येऊ नये म्हणून इथे घरोघर बांधतात तशी. खाली काचा कोरड्या ठणठणीत.

"ह्यां कधीपासून?"

"मिरगापासून. पावस इलो काय झाकतंय, ऊन पडला काय काढतंय. रातचा तर झाकूनच ठेवतंय."

"मामानू, ती भिजूक व्हयी होती."

"भिजूक? मगे सांभाळा म्हणान कित्याक सांगलास? घराच्या भिंतीक आमी झाप बांधतो, आणि इतक्या लांबसून इल्ली वस्तू उघडी टाकू?"

त्यांना बोलण्यात अर्थ नव्हता. नमुने कशासाठी ठेवलेत ते मी त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं. जगभरच्या लोकांना दर पंधरा दिवसांनी सांगत होते, शेजारच्या माणसाला सांगायला सुचलं नाही.

त्याच संध्याकाळी मी सविस्तर पत्र लिहिलं. सगळ्यांना पाठवायला हवं होतं. फक्त प्राध्यापकांना पाठवलं. त्यांचा लगेच फोन आला.

"मॅडम, हे अजून कुणाला सांगितलंत?"

"नाही."

"छान. मी बघतो. निबंध जवळजवळ तयार आहे. आत्ता सगळ्यांना कळवलंत तर तुमचं चाचणी केंद्रच गाळतील. मग तुमचं नावही."

"पण आकडे खोटे आहेत, सर."

"आकडे तुम्हीच घेतलेत ना? मग खोटे कसे? बघतो म्हटलं ना."

मी फोन ठेवला आणि गप्प बसले. विद्यार्थ्यांनी प्रात्यक्षिकात एक आकडा मारून नेला तर मी जर्नल परत करते. इथे अख्खा पावसाळा परत करायचा होता आणि मी पुढच्या आठवड्यात सेमिस्टरचे पेपर काढायला बसले. फोटो पाठवलाच नाही. पाऊस थांबला म्हणून कळवलं. झापंही होती तशीच राहू दिली.

निबंध मार्चमध्ये आला. मी तो उभ्या उभ्या वाचला. किनाऱ्यावरचा पूर्ण पावसाळा सोसूनही नमुने टिकले, असं होतं. मी पाठवलेल्या दोन पानांचं एक वाक्य झालं होतं: 'नमुन्यांची स्थानिक पद्धतीने नियमित देखभाल करण्यात आली.' खोटं एक अक्षर नाही.

प्राचार्यांनी शाल-श्रीफळ दिलं. मामा पहिल्या रांगेच्या कडेला उभे होते. नंतर म्हणाले, "बाईनू, माझ्या झापांनी काम केला ना शेवटी?"

"केला," मी म्हणाले. निदान ते खरं होतं.

खोक्यात दोन नमुने उरले होते. पुढच्या जूनमध्ये ते मी उघड्यावर लावले आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. जुलै संपायच्या आत दोन्ही हळदीसारखे पिवळे पडले. या वेळी फोटो काढला, गेल्या वर्षीचं सगळं लिहिलं आणि प्रत्येकाला पाठवलं. परदेशातून एक उत्तर आलं, आभाराचं. प्राध्यापकांनी कळवलं की आमच्या केंद्राचा टप्पा पूर्ण झाला असून चौकट परत पाठवावी. निबंध जिथे होता तिथेच आहे, माझ्या नावासकट.

फ्रेम काढा असं मी प्राचार्यांना म्हणाले.

"कार्यक्रम झालाय मॅडम, पेपरात फोटो आलाय," ते म्हणाले. "आता काढली तर लोक काय म्हणतील?"

त्या व्हरांड्याची भिंत नैर्ऋत्येला आहे. दर पावसाळ्यात जांभ्याचा चिरा पाणी पितो आणि आतून ओल येते. यंदा मेच्या शेवटी मी कॉलेजला पोचले तेव्हा मामा शिडीवर चढून त्या भिंतीला बाहेरून झापं बांधत होते. बरोबर फ्रेमच्या मागे दुहेरी.

"नायतर तुमचा कागद भिजात, बाईनू," ते वरून म्हणाले.

मी शिडी धरली.