आबांनी बंडी काढली

माझी लेक दिवस भरायच्या आधीच आली आणि मधूनमधून श्वास घ्यायला विसरायची. विसरली की यंत्र कोकलायचं, सिस्टर धावत येऊन तळपायाला टिचकी मारायची आणि बाईसाहेब पुन्हा सुरू. तोवर इकडे माझाच जीव जायचा. जळगावच्या त्या मुलांच्या दवाखान्यात अतिदक्षता विभागाला मोठी काच होती. काचेपलीकडे पेटीत ती, नाकात ऑक्सिजनची नळी, आणि अलीकडे मी.

डॉक्टर म्हणाले, आता तिला माणसाची ऊब हवी. आईच्या उघड्या छातीवर निजवलं की बाळाचा श्वास लयीत येतो. आई नसेल तर घरचं कुणीही चालेल. आणि नेमकी तेव्हाच मला सर्दी झाली, ताप आला. नवरा शिंकत होता, सासूबाई खोकत होत्या. आम्हा तिघांनाही दाराच्या आत मज्जाव. धडधाकट उरले एकटे आबा, माझे सासरे, कारण ते पारोळ्याकडच्या आमच्या मळ्यात झोपतात.

आमच्याकडे सून सासऱ्यांपुढे डोक्यावर पदर घेते, तोंडाला तोंड देत नाही. आबाही माझी चाहूल लागली तरी घरात बंडी चढवतात. उघडं बसायचंय म्हटल्यावर ते सरळ बसस्टँडकडे निघाले. सुनेसमोर उघडं? गावात तोंड कसं दाखवू, असं सासूबाईंना ऐकवत होते. माझं डोकंच फिरलं. पदरबिदर गेला खड्ड्यात!

"आबा, लाज ठेवा बाजूला. पोरगी तुमचीच आहे ना?"

ते थबकले. मग माझ्याकडे न बघता सिस्टरला म्हणाले, "सूनबाईले सांगा, तोंड तिकडे कर म्हना."

झालं! त्यांना आंघोळीला पाठवलं, तंबाखूची पुडी काढून घेतली, कोपरापर्यंत हात धुवायला लावले, बंडी काढली, वरून समोर उघडा हिरवा झगा. ते लेकीला छातीवर घेऊन खुर्चीत रेलले आणि मी काचेला पाठ करून भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचत उभी. रोज तेच. आत काय चाललंय ते सिस्टर येऊन सांगायची. आबा बाळाशी सारखं बोलतात म्हणे. कापूस किती फुटला, म्हैस कशी लाथ मारते, बठ्ठं, अगदी सगळं सांगतात. यंत्रही आताशा फारसं कोकलत नाही. मला आनंद व्हायचा आणि हेवाही वाटायचा, उगाच का लपवू.

एका सकाळी डॉक्टर म्हणाले, आज नळी काढून बघू, आबांच्या अंगावरच. मी नेहमीसारखी पोस्टरकडे तोंड करून उभी राहिले, पण एक अक्षर दिसेना. आत सगळं चिडीचूप. मग काचेवर टकटक झाली. पाठोपाठ काचेमागून आबांचा दबका आवाज आला.

"इकडे पाह, बेटा."

मी वळले. खुर्चीतूनच हात लांबवून आबा बोटानं काच वाजवत होते. लेकीच्या नाकाला काही नव्हतं. पांढऱ्या केसांच्या छातीवर तिची तळहाताएवढी पाठ वरखाली होत होती, आपली आपण. मग तिनं तोंड वेडंवाकडं करून भलामोठा आ केला. बंद काचेतून तिचा एवढासा आवाज ऐकू येईना. सिस्टरला दया आली, तिनं दार जरासं उघडलं. बारीक, चिरका, भांडखोर आवाज. जन्मल्यापासून पहिल्यांदाच माझ्या कानावर पडला.

आबा घाबरले, तिला थोपटू लागले, "चूप माय, चूप."

मी पदरानं नाक पुसत दारातूनच म्हणाले, "रडू द्या, आबा. अजून थोडं रडू द्या."