गोधडीवरचा कर

माझी आत्या पालघरजवळच्या माहीमला राहते, पानमळ्याच्या कडेला. तिची मुलगी अमेरिकेत बाळंत झाली, तेव्हा आत्याने नेसून मऊ झालेल्या लुगड्यांची गोधडी शिवली, अळिवाचे लाडू वळले, सुक्या कोळंबीचे सोडे आणि सुके बोंबील बांधले आणि मला घेऊन पालघरला पोस्टात गेली.

"अमेरिकेचं बंद आहे, आजी," खिडकीमागचा माणूस म्हणाला.

"बंद? अमेरिका बंद?"

"अमेरिका चालू आहे. पार्सलं बंद आहेत."

त्याने नीट समजावलं. पूर्वी कमी किमतीचं पार्सल तिकडे बिनकराचं जायचं. आता तिथल्या सरकारने ती सवलत काढली होती. कर गोळा कुणी करायचा हेच ठरत नव्हतं, म्हणून विमानवाले पार्सलं उचलत नव्हते आणि पोस्टही घेत नव्हतं.

"गोधडीवर कर?" आत्या म्हणाली. "माजीच लुगडी, माजाच दोरा, माजीच नात. त्यांचं काय हाय त्यात?"

त्या बिचाऱ्याने गाठोडं आमच्याकडे परत सरकवलं. पोस्टाचा रस्ता बंद झाला. पण माझ्याकडे नवरा होता.

नवरा तारापूरच्या एमआयडीसीत, कापडाचे रंग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. त्यांचा बराच माल अमेरिकेला जायचा. तिकडे आपल्या मालावर जबर आयातकर बसला तसं गिऱ्हाईक म्हणायला लागलं की हा भार तुम्हीच सोसा. ते बोलणं करायला कारखाना नवऱ्याला पाठवत होता, नेमका आत्याच्या मुलीच्याच शहरात. त्याने मला बजावलं होतं, "कुणाला सांगू नकोस. लोक सामान आणून देतात."

मी कुणालाच सांगितलं नाही. फक्त आत्याला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती बोईसरला आमच्या दारात रिक्षातून उतरली. पोस्टातून परत आलेलं सगळं होतंच, शिवाय विड्याच्या पानांची एक करंडी होती.

"आत्या, ओली पानं नेऊ देत नाहीत," नवरा म्हणाला.

"जावय, तुमी खिशात ठेवा ना. खिशात कोण बघतंय?"

पानं राहिली. बाकी सगळं आत शिरलं. तेवढ्यात जवळच्या नवापूरची आमची मासळीवाली टोपली घेऊन आली, तिने हा सगळा थाट पाहिला, आणि संध्याकाळपर्यंत तिच्या भाच्यासाठी सुक्या जवळ्याची पिशवी हजर झाली. तिच्या भाच्याचं घर त्या शहरापासून किती लांब आहे, हे तिलाही माहीत नव्हतं. "अमेरिकेतच हाय ना," ती म्हणाली.

नवरा कामावर गेला की मी बॅग उघडून बसायची. एक शर्ट काढला की लाडूंचा डबा बसायचा. पायजम्याच्या जागी बोंबील गेले. शेवटी अंगावरचा कोट आणि हातातल्या छोट्या बॅगेत मिटिंगचा एक शर्ट, एवढंच त्याचं स्वतःचं उरलं. त्या शर्टाशेजारी मी सोड्यांची पुडी सरकवली. जागा होती म्हणून.

पुढचं त्याने फोनवर सांगितलं, तेही बऱ्याच रागात. तिकडच्या विमानतळावर एक कुत्रा येऊन त्याच्या बॅगेसमोर बसला आणि उठेचना. अधिकाऱ्याने बॅग उघडली. नवरा खोटं बोलत नाही, ही त्याची जुनी अडचण. त्याने एकेक वस्तू दाखवून नाव सांगितलं. हे विकायला आणलंय का, असं विचारल्यावर म्हणाला, "नाही, घरात बाळ आलंय." वर स्वतःच विचारलं, "गोधडीवर कर किती?" अधिकाऱ्याने गोधडी उलटसुलट पाहिली, बॅगेचं झाकण लावलं आणि त्याला बाहेरचा रस्ता दाखवला.

दुसऱ्या दिवशी मिटिंग. बंद काचांची थंडगार खोली, आणि नवऱ्याच्या अंगात सोड्यांच्या वासाचा शर्ट. गिऱ्हाइकाकडच्या बाईंनी आधी खुर्ची मागे घेतली, मग उठून लांबची दुसरी खुर्ची घेतली. भावाची घासाघीस दिवसभर चालेल असं सगळ्यांना वाटलं होतं. जेवणाच्या आत उरकलं. वाढलेल्या कराचा अर्धा भार त्यांनी घ्यायचा, अर्धा आपण, आणि माल तूर्त कमी उचलायचा. कारखान्यात त्याला शाबासकी मिळाली खरी, पण मशीन कमी चालू लागल्यावर कामगारांचा ओव्हरटाइम गेला. पाळी सुटल्यावर दारात त्याला कुणीतरी विचारलं, "साहब, उधर का टैक्स इधर हमको क्यों लगा?" ते त्याने घरी येऊन सांगितलं.

पण तिकडे असताना, मिटिंग उरकून तो आत्याच्या मुलीकडे पोचला, ते मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, कारण आत्या माझ्या शेजारीच फोनवर व्हिडिओ कॉल लावून बसली होती. मुलीने बोंबील पाहिले आणि तिला दम निघेना. तिने लगेच तवा तापवला. बोंबील भाजायला लागले, धूर झाला, आणि छतावरची आगीची घंटा ठणाणा वाजायला लागली. अख्खी इमारत जिने उतरून खाली अंगणात आली, मुलगीही चालू फोन हातात घेऊन. नवरा कोट घालून, गोधडीत गुंडाळलेलं बाळ छातीशी धरून उभा, आणि भोवती दाटीवाटीने अनोळखी गोरे, काळे, चिनी चेहरे.

आत्याने फोन डोळ्यांजवळ नेला.

"बाय गं," ती मुलीला म्हणाली, "एवढी माणसं जेवायला बोलवलीस? बोंबील पुरतील ना?"