अंगठाभर जागा

बाजारपेठेतल्या बुटांच्या दुकानात लहान मुलांच्या विभागात ज्या बाई एकतीस वर्षं एकाच बुटक्या स्टुलावर बसल्या आहेत, त्यांना सगळं गाव अंगठामावशी म्हणतं. कारण उघड आहे. मूल नवे बूट घालून उभं राहिलं की मावशी पुढे वाकणार, बुटाच्या टोकावर अंगठा दाबणार, डोळे मिटणार, डॉक्टर नाडी बघतात तसा चेहरा करणार आणि निकाल देणार. "अंगठाभर जागा आहे. घ्या." किंवा, "अंगठा बसत नाही. पुढचा नंबर." या निकालावर अपील नाही. मग मुलाला, "चालून दाखव बरं, राजा. आरशापर्यंत. आता पळून दाखव." आणि आईकडे वळून, आवाज निम्मा खाली आणून, "ताई, वाढेल या आशेवर दोन नंबर मोठा घेऊ नका. वाढेपर्यंत पडेल."

पायांमधलं एवढं सगळं कळणाऱ्या मावशींनी आयुष्यात एकदाही बर्फावरून घसरायची स्की पायाला लावली नव्हती. दुकानाच्या दारातून बर्फाचा डोंगर दिसायचा, बसनं अर्धा तास. दर हिवाळ्यात घरचे सगळे आठवडाभर रोज वर जायचे. मावशींचे मिस्टर, दीर, धाकटी जाऊ आणि तिची दोन मुलं. मावशी पण जायच्या, पण कॅन्टीनच्या खिडकीपर्यंत. तिथं टेबलावर सात बॅगा, खुर्चीवर कोटांचा ढीग आणि ढिगामागे मावशी. कुणाचा हातमोजा हरवला, कुणाला केळं हवं, कुणाला चष्मा ठेवायचाय, उत्तर एकच. "वहिनी बसल्यात ना." हे वाक्य एकोणीस वर्षं चालू होतं, आणि ते इतकं गुळगुळीत झालं होतं की त्यात कुणी माणूस बसलंय हे ऐकूच यायचं नाही.

यंदा दुकानाच्या फरशा बदलायला काढल्या आणि मावशींना आठ दिवस सुट्टी मिळाली. जेवताना त्या सहज म्हणाल्या, "यंदा मी पण शिकते म्हणते."

मिस्टरांनी पाण्याच्या ग्लासात बघितलं. दिरांनी मिस्टरांकडे बघितलं. धाकटी मात्र अडखळत नाही. तिचं प्रत्येक वाक्य 'मी काय म्हणते' या फाटकातूनच बाहेर पडतं.

"मी काय म्हणते वहिनी, हौस हवीच माणसाला. मी तर म्हणते उशिरा का होईना. पण मी काय म्हणते, मग बॅगा?"

"बॅगांना नाही शिकायचं," मावशी म्हणाल्या आणि ताटं उचलायला लागल्या.

नवशिक्यांचा वर्ग सोमवारी दहाला होता. फलकावर स्वच्छ लिहिलं होतं की सामान मापाचं, जुळवलेलं आणि स्वतःचं स्वतः आणायचं. नसेल त्याला वर्गात घेणार नाहीत. म्हणून रविवारी चार वाजता मावशी भाड्यानं सामान घ्यायला स्क्रूकाकांच्या दुकानात गेल्या. एकट्याच निघाल्या होत्या, पण कोपऱ्यावर धाकटी टोपी घालून तयार उभी. "मी काय म्हणते, तुम्हाला एकटीला काय कळणार त्यातलं."

स्क्रूकाका म्हणजे गळ्यात दोरीनं अडकवलेला स्क्रू ड्रायव्हर आणि त्याच्यामागे एक माणूस. दुकानात मेणाचा आणि ओल्या लोकरीचा वास, खाली रबराची चटई, भिंतीला टेकून स्कींच्या रांगा. काका फार बोलत नाहीत. त्यांना काहीही सांगा, तुमचं लग्न ठरलं, तुमचं घर वाहून गेलं, ते म्हणणार, "होतं तसं."

"पहिल्यांदाच?" काकांनी विचारलं.

"पहिल्यांदाच. या वयात."

"होतं तसं. बसा."

मावशी बाकावर बसल्या. काका गुडघ्यावर खाली बसले आणि मावशी ताडकन उभ्या राहिल्या. एकतीस वर्षं जी जागा त्यांची, तिथं दुसरंच कुणी.

"अहो, तुम्ही कशाला, मी घालते माझे मी."

"बसा."

मावशी बसल्या. काकांनी त्यांचा पाय हातात घेतला, मोजा चिमटीत धरला, खाली आणखी एक मोजा लागला. त्यांनी एक बोट वर केलं. "एकच. पातळ." मावशींनी जाड लोकरीचे दोन्ही जोड काढले. ते त्यांनी स्वतः विणले होते, पण हे ऐकवण्यात अर्थ नव्हता.

मग काकांनी पातळ मोजे दिले आणि बूट आला. प्लॅस्टिकची बादली म्हणावी असा, पुढे चार कडक बकलं. पाय आत ढकलताना मावशींच्या तोंडून जो आवाज निघाला तो आजवर त्यांनी फक्त गिऱ्हाइकांचा ऐकला होता. उभ्या राहिल्या. बोटं पुढे टेकली. त्या सवयीनं वाकल्या, टोकावर अंगठा दाबला, डोळे मिटले. काहीच कळेना. दगडावर अंगठा दाबून आत कुणी आहे का विचारावं तसं.

"पुढे लागतायत," मावशी म्हणाल्या.

"गुडघे वाकवा. नडगी पुढे रेला."

"काका, बूट सरळ उभं राहून बघायचा असतो. एकतीस वर्षं बघतेय मी."

"होतं तसं. वाकवा."

मावशी वाकल्या नाहीत. तेवढ्यात धाकटीच्या कानांनी नेमका शब्द उचलला. "लागतायत? मी काय म्हणते वहिनी, लागत असतील तर राहू दे. आमच्या मावसबहिणीची दहाही नखं काळी पडली. दहाही. हट्ट कशाला? खिडकीत काय वाईट आहे? कॉफी गरम, पाय गरम, सगळा डोंगर समोर."

मावशींना खिडकी दिसली. काचेवरची वाफ, सात बॅगा, अर्धवट खाल्लेलं केळं. बूट लागतायत असं पुन्हा एकदा म्हटलं की उद्या दहा वाजता आपण तिथं, हे त्यांना लख्ख कळलं.

"दीड नंबर मोठा द्या," त्या म्हणाल्या.

काकांनी मान वर केली. "मोठा?"

"मोठा."

काकांनी तोंड उघडलं, धाकटीकडे बघितलं, मिटलं, आणि मोठा जोड आणला. पाय सुळकन आत गेला.

"कसे आहेत?" धाकटी.

"लोण्यासारखे," मावशी म्हणाल्या. ज्या आवाजात लोक पाहुण्यांसमोर 'आमचा मुलगा अभ्यासात बरा आहे' म्हणतात, त्या आवाजात.

पुढचं पटापट झालं. धाकटीनं लाल पट्ट्यांची लांबलचक स्की उचलून आणली. काकांनी ती परत ठेवली आणि मावशींच्या हनुवटीपर्यंत येणारी जोडी काढली. "सुरुवातीला हनुवटी पुरे. लांब असली की पळते, आणि आपल्याला मागून जावं लागतं." काठ्या उलट्या धरायला लावल्या, कोपर काटकोनात आलं ती लांबी ठरली. हेल्मेट घालून मान हलवायला सांगितली. मान हलली, हेल्मेटही बरोबर हललं, म्हणजे बसलं.

मग काकांनी विचारलं, "वजन?"

मावशी हेल्मेटचा पट्टा नीट करायला लागल्या. काकांनी समजावलं की स्कीवर बूट पकडणारा खटका असतो, पडल्यावर तो सुटला पाहिजे आणि उगाच सुटायला नको, म्हणून तो माणसाच्या वजनावर आणि बुटाच्या तळव्याच्या लांबीवर बेततात. मावशींनी धाकटीकडे बघितलं. धाकटी भिंतीवरच्या हातमोज्यांचं बारकाईनं निरीक्षण करत होती.

"अठ्ठावन्न," मावशी म्हणाल्या.

काकांनी काही लिहिलं नाही. बाकाखालून पायानं वजनकाटा पुढे सरकवला. "होतं तसं." काट्यानं सहासष्ट दाखवले.

"मी काही बघितलं नाही," धाकटी हातमोज्यांना म्हणाली.

घरी आल्यावर धाकटी तिच्या घरात गेली आणि मावशींनी पॅसेजमध्ये बूट चढवले. मिस्टर पेपर वाचत होते. मिस्टर म्हणजे पाण्याचे मीटर तपासून रिटायर झालेले गृहस्थ. आकड्यांखेरीज कशाबद्दलही घाईनं मत देत नाहीत.

मावशी आरशाकडे चालल्या. थप. थप. थप.

बाहेरून कुणाला ऐकू आलं नसतं. टाच आतल्या आत उचलली जात होती आणि खाली पडत होती. हा आवाज मावशी गर्दीच्या दिवशी, पाठ फिरवून, दुसऱ्या मुलाच्या नाड्या बांधताना ओळखायच्या. आता त्यांनी गुडघे वाकवले. नडगी पुढे गेली, टाच वर आली, बूट जागेवरच राहिला. पाय वळवला. पाय वळला, बूट विचार करत राहिला. या बुटांनी स्की वळणार कुठून?

मावशी मटकन स्टुलावर बसल्या. वय चोपन्न. वाढतं पाऊल म्हणून सोडून देण्याची सोय नव्हती.

"काय झालं?" मिस्टर.

"मोठे घेतले."

"तू?"

यात टोमणा नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि तेच जास्त लागलं. मावशी बकलं काढता काढता म्हणाल्या, "मापाचे होते तेच लागत होते. लागतात म्हटलं असतं तर उद्या खिडकीत असते मी. तुमच्या भावजयीनं कोटसुद्धा मोजून ठेवलेत."

मिस्टरांनी घड्याळ बघितलं. "साताला बंद करतो तो. सहा पंचवीस झालेत." पेपरची घडी घातली. "स्की मी घेतो."

संध्याकाळच्या रस्त्यावरून दोघं निघाले. मिस्टरांच्या खांद्यावर स्की, मावशींच्या दोन्ही हातात एकेक बूट, बाजारातून दुधी आणावेत तसे. चौक ओलांडल्यावर मिस्टर म्हणाले, "मला वाटायचं तुला खिडकीच आवडते."

"मला पण तसंच वाटायचं," मावशी म्हणाल्या. "दुकानात आठ तास पायाशी बसायचं, मग तिथं जरा खुर्ची. पण मागच्या वर्षी एक बाई बघितली. माझ्याहून मोठी. उतारावरून इतकी हळू येत होती की तिच्यामागे दोन लहान मुलं कंटाळून खाली बसली. आणि ती हसत होती. एकटीच."

"मग बोलली का नाहीस?"

"आता बोलले ना."

काकांनी शटर निम्मं खाली घेतलं होतं. मावशी वाकून आत गेल्या. काही बोलायच्या आत काकांनी काउंटरखालून बुटांचा जोड काढून बाकापाशी ठेवला. तोच, मापाचा. त्यावर चिठ्ठी होती, 'मोठा नेलेल्या बाई'.

मावशींनी चिठ्ठी वाचली. "तुम्हाला माहीत होतं."

"होतं तसं."

या वेळी मावशी बसल्या आणि पाय पुढे केला. काकांनी आधी टाच मागे ठोकून बसवली, मग बकलं लावली, खालून वर. मावशी उभ्या राहिल्या. बोटं पुढे टेकलीच. मग त्यांनी गुडघे वाकवले, नडगी बुटावर रेलली, टाच मागे घट्ट बसली, आणि बोटं आपोआप मागे सरकली. पुढे जागा झाली. अगदी थोडी. पाय उजवीकडे वळवला, अख्खा बूट उजवीकडे वळला.

"म्हणजे हा वाकूनच बघायचा," मावशी हळू म्हणाल्या.

"बर्फावर सरळ उभं कोण राहतं?"

"मग ओरडायचं ना माझ्यावर, काका."

"गिऱ्हाईक ओरडून शिकत नाही. घरी जाऊन शिकतं."

मावशींना हे वाक्य आपलंच असावं असं वाटलं. बुटाचा तळवा बदलला म्हणून काकांनी खटके पुन्हा बेतले. स्क्रू फिरवताना खाली बघतच म्हणाले, "नातीचे बूट घ्यायचेत. तुमचं दुकान कधी उघडतंय?"

"पुढच्या सोमवारी. तिला घेऊन या, नुसतं माप आणू नका. आणि मी सांगेन तोच नंबर."

काका पहिल्यांदाच हसले असावेत. शटरमुळे अंधार होता, नक्की सांगता येत नाही.

सोमवारी दहाला वर्गात सात लहान मुलं होती, एक दातांचे डॉक्टर होते, आणि मावशी. मुलांपैकी पाचजणांचे चेहरे नाही तरी पाय मावशींच्या ओळखीचे होते. शिकवणारी बाई काडीसारखी, पण आवाज शाळेच्या घंटेचा. "टोकं जवळ, टाचा लांब. छप्पर करा, छप्पर. डॉक्टर, हे छप्पर नाही, ही गच्ची झाली."

पहिल्या वेळी मावशी चार पावलांवर बसल्या. दुसऱ्या वेळी झोपल्या. तिसऱ्या वेळी डॉक्टरांना धरून दोघंही गेले. शेजारच्या मुलीनं सल्ला दिला, "मावशी, पडायचंच असेल तर बाजूला पडायचं. मागे पडलं की बर्फ पँटमध्ये जातो."

चौथ्या वेळी मावशींनी गुडघे वाकवले, नडगी रेलली, छप्पर केलं, आणि उतार त्यांच्या पायांखालून हळूहळू मागे जाऊ लागला. इतका हळू की एखाद्यानं वाटेत नाव-गाव विचारून घेतलं असतं. उजवीकडे वळायचं मनात आलं आणि स्की उजवीकडे वळल्या. मावशी खाली पोचल्या, थांबल्या, मागे वळून सगळा उतार बघितला. दोन बसगाड्यांएवढा असेल. त्या हसत होत्या हे त्यांना दात गार पडल्यावर कळलं.

दुपारी कॅन्टीनबाहेरच्या बाकावर मावशींनी बकलं उघडली. बकल सुटतं आणि पाय आतल्या आत पसरतो, त्या सुखाला तोड नाही. धाकटी तुरुतुरु आली. बॅगा मिस्टरांनी सकाळीच लॉकरमध्ये टाकल्या होत्या. लॉकर दारातच होते, एकोणीस वर्षं होते, कुणी कधी त्यांच्याकडे मान वळवली नव्हती.

धाकटी शेजारी टेकली. इकडे तिकडे बघितलं. "मी काय म्हणते वहिनी, आता खरं सांगा. लागतात ना?"

"लागतात," मावशी म्हणाल्या. "चांगलेच लागतात."

"मी काय..." धाकटीनं सुरू केलं. तेवढ्यात खालून वर्गाची शिट्टी वाजली. मावशींनी बकलं आवळली, खालून वर, आणि रांगेत डॉक्टरांच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या.