पाच डावे आणि एक डाव

गल्लीत त्यांना ब्रिगेडियर म्हणतात, पण वर्दी म्हणून अंगाला लागली ती फक्त शाळेची. धंदा चष्म्यांचा. दिवसभर लोकांच्या नाकावर काचा चढवायच्या आणि संध्याकाळी अंगणातल्या जुन्या लष्करी ट्रकच्या अंगाखाली शिरायचं. बायको त्या ट्रकला सवत म्हणत नसे, सासू म्हणत असे. वयच तसं होतं.

सगळा ट्रक उभा राहिला, अडलं समोरच्या काचेपाशी. तिचे दोन भाग, दोन्ही खालून बाहेर ढकलून उघडायचे. प्रत्येकाला पेलून धरायला एक लोखंडी पट्टी. जुन्या बाजारात तिला ‘हात’ म्हणतात. ब्रिगेडियरांकडे एकच हात होता, आणि रविवारी येणार होते सासरे, असला ट्रक चालवण्यात हयात घालवलेले. फोनवरच त्यांनी ठणकावलं होतं, “जावईबापू, काच उघडली तर बसेन. नाहीतर तो ट्रक नव्हे, कपाट!”

ब्रिगेडियरांनी भंगारवाल्यांचे कान किटवले. “डावा हात हवा, डावा!” पहिला आला, बसेना. दुसरा आला, तोच नखरा. तिसऱ्याच्या वेळी त्यांनी भंगारवाल्याच्या सात पिढ्यांना चष्मे लागोत असा शाप दिला. त्यात धंद्याचीही सोय होती.

“अहो, घरात तीन हात जास्तीचे,” बायको म्हणाली, “आणि भाजी चिरायला एक नाही!”

शेवटी नाक मुठीत धरून सासऱ्यांनाच सांगितलं. रविवारी ते आपल्या ट्रंकेत जपलेला हात फडक्यात गुंडाळून घेऊन आले. लावून बघितला. छे!

“डावा म्हणालात, डावा आणला,” सासरे गुरगुरले.

“अहो बाबा, हा काय इथे, डावीकडे!” ट्रकच्या तोंडासमोर उभे राहून ब्रिगेडियर स्वतःचा डावा हात नाचवत होते.

“गाडीचं डावं-उजवं आत बसून ठरतं! तुम्ही काय समोर उभं राहून तिला चष्मा लावताय?”

गिऱ्हाइकाचा डावा डोळा झोपेतही ओळखणाऱ्या माणसाचं तोंड एवढंसं झालं. हवा होता उजवा, जमले होते आधीचा धरून पाच डावे.

“अर्धं कपाटच आहे. येतो मी,” म्हणत सासरे चपला शोधू लागले.

तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून तरातरा आली. “डावा, डावा करून डोकं खाल्लंत ना? हा घ्या डाव!” तिनं वाढायचा पितळी डाव उचलला, दांडा चौकटीत अडकवला, वाटी डॅशबोर्डवर टेकवली. काच उघडी राहिली!

सासऱ्यांनी डावाकडे बघितलं, जावयाकडे बघितलं, आणि चढून स्टार्टर दाबला.

दुसऱ्या चकरेला बायको दारात उभी. “बाबा, पानं मांडलीत! वाढू कशानं? डाव द्या!”

“आणखी एक चक्कर! मग जावईबापू काच हातानं धरतील.”

“कुठल्या हातानं?” ब्रिगेडियरांनी चाचरत विचारलं.

“उजव्या,” सासरे म्हणाले. “आत बसून!”